एका बोटानं दाखवा

“डॉक्टर, पित्त झालंय.”

हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज येतं. लग्नसराईत आणि उपासांच्या दिवसांत जरा जास्तच. मी एवढंच म्हणते, “कुठं होतंय ते एका बोटानं दाखवा.” पुढच्या दोन-तीन सेकंदांत समोरचा माणूस काय करतो, तिकडे माझं सगळं लक्ष असतं.

कुणी बोट नेमकं छातीच्या हाडाच्या टोकाखाली, दोन्ही बरगड्यांच्या मधल्या खळग्यात टेकवतं. कुणी तिथून सुरुवात करून बोट वर गळ्यापर्यंत ओढत नेतं. कुणी उजव्या बरगडीखाली हात धरतं आणि तोच हात वळवून पाठीवर, खांद्याच्या फऱ्यापर्यंत न्यायला बघतं. कुणी कपाळाची एक बाजू दाबतं. कुणी बाही वर करून दंडावर उठलेल्या गांधी दाखवतं. कुणाला बोट टेकवायला जागाच सापडत नाही, मग सगळ्या पोटावरून पंजा फिरतो. आणि कुणी मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवतं. या शेवटच्या माणसाला मी पुढचं काही विचारत बसत नाही, आधी ईसीजी काढायला सांगते.

सात माणसं, सात वेगळी दुखणी, आणि सांगताना शब्द एकच. जठराच्या अस्तराला सूज येते, दाह होतो, त्याला डॉक्टर गॅस्ट्रायटिस म्हणतात. तो रोग या सातांपैकी पहिल्या बोटाखाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे प्रकरण त्या रोगाच्या लक्षणांविषयी आहे. पण ती लक्षणं ओळखायची तर आधी आपला हा लाडका शब्द उसवावा लागतो.

मराठी घरात पित्ताला केवढी जागा आहे! रिकाम्या पोटी चहा नको, पित्त होईल. तुरीच्या डाळीनं पित्त होतं, जागरणानं होतं, उन्हातून आल्यावर होतं, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही तर हमखास होतं. या शब्दामागे जुनी परंपरा आहे. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक, आणि माधवनिदानात अम्लपित्ताचं वेगळं वर्णन आहे. अन्न न पचणं, मळमळ, कडू-आंबट ढेकर, छातीत आणि घशात जळजळ, अन्नावरची वासना उडणं. आजच्या रुग्णाची तक्रार लिहून घ्यावी इतकं ते ओळखीचं वाटतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं पित्त मात्र वेगळंच आहे. तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. पित्ताशयात साठतो, चरबी पचवायला लहान आतड्यात उतरतो, आणि तो आम्ल नसतोच, उलट थोडा अल्कधर्मी असतो. उलटीच्या शेवटी जे पिवळं, कडूजहर पाणी पडतं ते हे खरं पित्त. पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले, तर कुणाच्याही उलटीत ते येणारच. ते पडलं म्हणजे आतला रोग बाहेर पडला, असा त्याचा अर्थ होत नाही.

डोकेदुखीचंही तसंच. “पित्तानं डोकं उठतं, उलटी झाली की थांबतं” असं सांगणाऱ्या अनेकांना, विशेषतः बायकांना, अर्धशिशी असते. तिच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, मळमळतं, उलटी होते. म्हणजे सुरुवात डोक्यात झालेली असते आणि पोट मागून येतं. अशा बायका वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत राहतात, आणि अर्धशिशीवर चांगली औषधं आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

अंगावर उठणारं पित्त, म्हणजे गांधी, आयुर्वेदात शीतपित्त. कातडीतल्या पेशींमधून हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि खाज, लाली, फुगवटे येतात. आमसुलाचं पाणी लावायचं ते यालाच. हेच हिस्टामिन जठरातही असतं आणि तिथं ते आम्ल तयार करण्याचा हुकूम देतं. कातडीवरच्या हिस्टामिनला अडवणाऱ्या जुन्या गोळ्या जठरातल्या हिस्टामिनपुढे निष्प्रभ का ठरतात, हे कोडं स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी सोडवलं. जठरातलं कुलूप वेगळ्या घडणीचं होतं. त्याला बसणारी किल्ली म्हणजे सिमेटिडिन हे औषध. ते १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि पुढे १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. तेव्हा आज्यांच्या दोन ‘पित्तां’मध्ये एक द्रव्य सामाईक निघालं खरं, पण रोग दोन आहेत आणि गांधी उठल्या म्हणून जठराला सूज आहे असं मुळीच नाही.

आता त्या खळग्याकडे येऊ.

आपण बरगडीपासून ओटीपोटापर्यंत सगळ्यालाच पोट म्हणतो, पण जठर बरंच वर असतं. डावीकडे, बरंचसं बरगड्यांच्या आड. बेंबीच्या खाली दुखत असेल, पोटात गुडगुडत असेल, वात सरकल्यावर बरं वाटत असेल, तर ती गोष्ट बहुधा आतड्यांची असते. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस सोडतं. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल इतकं तीव्र असतं की मांसाचा तुकडा त्यात विरघळत जातो. मग जठर स्वतः कसं विरघळत नाही? आतल्या अस्तरावर चिकट, बुळबुळीत द्रावाचा एक थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो. खाली रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. वरच्या पेशी झिजल्या की काही दिवसांतच नव्या येतात. या सगळ्या बंदोबस्ताला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं चालू ठेवतात. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या बंदोबस्तात कुठं तरी फट पडली, अस्तरात संरक्षक पेशींची गर्दी झाली, ते सुजलं, लाल झालं, जागोजागी खरचटल्यासारखं झालं, की त्याला जठरदाह म्हणायचं. म्हणजे हा रोग आम्ल जास्त झाल्याचा नाही, अस्तर दुखावल्याचा आहे. बऱ्याच वर्षांच्या जठरदाहात तर आम्ल तयार करणाऱ्या पेशीच झडत जातात आणि आम्ल कमी पडतं. रोज गोळ्यांनी आम्ल मारत बसणाऱ्याला हे सांगितलं की तो चकित होतो.

दाह झाला तर काय जाणवतं? त्या खळग्यात जळजळ, किंवा काहीतरी कुरतडतंय अशी बारीक कळ. तिथं दाबलं तर दुखरं लागतं. मळमळ, कधी उलटी. जेवायला बसताना भूक असते, पण चार घास पोटात गेले की पोट तट्ट होतं. जेवणानंतर तासभर, दोन तास दगड ठेवल्यासारखं वाटतं. ढेकरा येतात. काहींची भूकच मरते, भाताचा वास नको होतो. दाह अचानकचा असेल, म्हणजे एखाद्या रात्रीच्या दारूनंतरचा किंवा तीन दिवस घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनंतरचा, तर हे सगळं एकदम उसळतं आणि कारण थांबवलं की थोड्या दिवसांत निवळतं. जुनाट असेल तर महिनोन्‌महिने कमीजास्त होत राहतं आणि माणूस त्याला आपल्या प्रकृतीचा भाग समजायला लागतो.

जेवणानं बरं वाटतं की जास्त होतं, हे मी विचारते, पण त्यावर फार विसंबत नाही. पहाटे दोन-तीनला कळीनं जाग येते आणि बिस्किट खाल्लं की शांत होतं, असं कुणी सांगितलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अल्सरची शंका बळावते. एवढंच. थंड दुधानं थंड वाटतं हेही खरं, पण थोडाच वेळ, कारण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. आणि मिरची? ठेच्यानं जठराचं अस्तर जळतं असा कुणीही सहज विश्वास ठेवील, पण मिरचीतलं कॅप्सायसिन आग जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, अस्तराला भाजत नाही. आधीच दुखावलेल्या पोटाला ठेचा झोंबतो, म्हणून तो त्या दिवसांत टाळावा. रोग मात्र त्यानं झालेला नसतो.

शेजारचे रोग थोडक्यात सांगते. बोट वर गळ्याकडे गेलं, आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर आंबट पाणी घशाशी आलं, तर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतंय. उजव्या बरगडीखालचं, तळलेलं-तुपकट खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांनी वाढत जाणारं, उजव्या फऱ्याकडे जाणारं दुखणं पित्तखड्यांचं असू शकतं. वरच्या पोटातून आरपार पाठीत घुसणारी, पुढे वाकून बसल्यावरच जरा सोसवणारी भयंकर कळ स्वादुपिंडाची असू शकते, ती सोसत घरी थांबायचं नसतं.

आणि ती मूठ. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा दुखणं नेमकं त्याच खळग्यात येऊ शकतं, सोबत मळमळ, उलटी, ढेकरासुद्धा. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, “गॅस झालाय, सोडा घे.” सोड्यानं ढेकर येते, क्षणभर हलकं वाटतं, आणि मोलाचे दोन तास जातात. दरदरून घाम सुटला असेल, धाप लागली असेल, दुखणं जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत उतरत असेल, चालताना किंवा जिना चढताना येऊन थांबल्यावर कमी होत असेल, तर ते पित्त नाही असं धरूनच निघायचं. मधुमेह असलेल्यांत, म्हाताऱ्या माणसांत आणि बायकांत छातीत काहीच न दुखता नुसती वरच्या पोटातली अस्वस्थता असू शकते. चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘पित्त’ झालं, तर ते आधी हृदयाचं नाही ना हे बघावं. ईसीजी फुकट गेला तर गेला.

आता या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट. वर सांगितलेली खळग्यातली जळजळ, तट्ट पोट, मळमळ हे सगळं असलेल्या बहुतेक माणसांच्या जठरात दुर्बीण टाकून पाहिलं तर त्या त्रासाचं कारण ठरेल असं काही दिसत नाही. त्यांच्या जठराचा वरचा भाग जेवण आल्यावर नीट सैल होत नसतो, मज्जातंतू साध्या ताणालाही दुखणं समजून बोंब मारत असतात. याला कार्यात्मक अपचन म्हणतात. ते खरं दुखणं आहे, मनाचे खेळ नाहीत, आणि त्याचे उपचार आहेत. पण तो जठरदाह नव्हे. उलट बाजूनं, ज्यांचं अस्तर खरोखर सुजलेलं आहे अशा पुष्कळांना काहीच जाणवत नाही.

हे दुसरं वाक्य पटायला जड जातं. मलाही गेलं होतं. ते पटलं अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिनची हकीकत वाचून.

१८२२ सालचा ६ जून. अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर, फर विकणाऱ्या कंपनीच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि या तरुण कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशीत जवळून छर्रे शिरले. तिथल्या लष्करी ठाण्याचे सर्जन विल्यम बोमाँट यांनी उपचार केले. वाचेल असं वाटत नव्हतं, पण तो वाचला. जखम मात्र पूर्ण मिटलीच नाही. जठराच्या कडा कातडीला जुळून गेल्या आणि बाहेरून थेट जठरात जाणारं एक भोक कायम राहिलं. बोमाँट यांनी पुढची बरीच वर्षं त्या भोकातून जिवंत माणसाचं जठर पाहिलं. दोऱ्याला बांधून मांस, कोबी, पाव आत सोडले, ठराविक वेळानं बाहेर काढले, रस काढून बाटलीत तपासला. १८३३ साली त्यांनी २३८ प्रयोग आणि निरीक्षणं छापली. पचन हे मुख्यतः रासायनिक काम आहे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

पण माझ्या दृष्टीनं त्या निरीक्षणांतली मोठी नोंद निराळीच आहे. एकदा सेंट मार्टिन आठ-दहा दिवस सारखा दारू पीत होता. बोमाँट यांनी आत पाहिलं तर एरवीचं फिकट गुलाबी, ओलसर, मखमली अस्तर लालभडक झालेलं, त्यावर चट्टे. पुढच्या दोन दिवसांत तर काही चट्ट्यांतून रक्ताचे थेंब झिरपायला लागले. आणि सेंट मार्टिन? त्याचं म्हणणं, मला काही होत नाही, बरा आहे, भूक चांगली लागते. फार बिघडल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की खळग्यात जरा अस्वस्थ वाटतं, दाबलं तर दुखतं आणि वाकून उठताना चक्कर येते. जेवण आणि झोप तरीही ठीक. दारू थांबल्यावर अस्तर हळूहळू पूर्ववत झालं. बोमाँट यांनी लिहून ठेवलं की जठरात बराच रोग असूनही बाहेर तो कळत नाही, असं आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळदा घडत असावं.

(सेंट मार्टिन १८८० मध्ये वारला, बोमाँट यांच्यानंतर २७ वर्षांनी. त्याच्या जठरासाठी डॉक्टर टपून बसले होते. घरच्यांनी देह कुजू दिला आणि मग खोल पुरला. आयुष्यभर परक्यांच्या डोळ्यांसमोर उघड्या राहिलेल्या त्या माणसासाठी घरच्यांनी केलेली ती गोष्ट मला फार योग्य वाटते.)

बोमाँट यांना दिसलं ते मला आज वेगळ्या रूपात दिसतं. सत्तरीचे एक आजोबा आले होते. पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून मुलगा घेऊन आला होता. चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन निघालं ६. मी पोटाविषयी विचारायला लागले तर ते वैतागले.

“डॉक्टरीणबाई, पोटाचं काय बी नाय. गुडघ्याचं बघा.”

“गुडघ्याला काय घेता आजोबा?”

“मेडिकलातनं गोळी आणतो की. दोन वक्ताला.”

“किती दिवस झाले?”

“दिवाळीपास्नं.”

तो पावसाळा होता. मग मी शौचाचा रंग विचारला. ते गप्प झाले, मुलाकडे बघितलं आणि हळू म्हणाले, “काळी हुती. डांबरावानी.”

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं दुखणं थांबवतात ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणं बंद करून. हे काम कसं चालतं ते ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. गुडघ्यातली द्रव्यं थांबतात तशी जठरातलीही थांबतात, अस्तराचा बंदोबस्त उठतो. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, पण हा परिणाम रक्तातून होत असल्यानं तो टळत नाही. आणि दुखणं मारणारं औषध चालू असताना जठराचं दुखणंही पुष्कळदा दबलेलंच राहतं. म्हणून साठीनंतर या गोळ्या रोज घेणाऱ्यांत एक कळही न येता थेट रक्तस्राव होऊ शकतो. त्या आजोबांच्या पोटात खरंच ‘काय बी’ नव्हतं, आत मात्र महिनोन्‌महिने रक्त झिरपत होतं. पॅरासिटामॉल एकटं असेल तर अस्तराला असं दुखावत नाही, पण बाजारात ते या दुसऱ्या गोळ्यांबरोबर एकत्र करूनही मिळतं, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन लिहून दिलेली असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, ती लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं.

रंगाविषयी सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट घरात बोलली जात नाही. जठरात ५० ते १०० मिलिलीटर रक्त सांडलं तरी शी काळी होऊ शकते. ती नुसती गडद नसते. चकचकीत, चिकट, ओल्या डांबरासारखी असते, भांड्याला चिकटून राहते आणि तिला एक वेगळीच घाण येते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा-हिरवट होतो, पण तो चिकटपणा आणि तो वास नसतो. उलटीतलं रक्त ताजं लाल असेल तर कुणालाही कळतं. ते जठरात काही काळ राहिलं तर आम्लानं तपकिरी होतं आणि उलटीत चहाच्या चोथ्यासारखे कण दिसतात. लोक म्हणतात, दुपारचा चहा पडला. चहा प्यायला होता का, एवढं विचारायचं. यांतलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालय गाठायचं.

न सांगता घटणारं वजन, घास अडकणं, सतत होणाऱ्या उलट्या, विनाकारण कमी होत जाणारं हिमोग्लोबिन, पन्नाशी-साठीनंतर नव्यानंच सुरू झालेलं अपचन, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला असणं: अशा वेळी गोळ्या घेऊन वाट पाहणं मला मान्य नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाची जखमही काही काळ भरल्यासारखी होते, बरं वाटतं, आणि निदान पुढे ढकललं जातं.

आता जगात जुनाट जठरदाहाचं सर्वांत मोठं कारण. ते सापडलं ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरात. रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे, नागमोडी जंतू दिसत होते, नेहमी सुजलेल्या अस्तरालगत. आम्लात जंतू जगतच नाहीत अशी तेव्हाची पक्की समजूत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू उगवले. त्यांना वेळ हवा होता, इतकंच. तरीही लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःच्या जठरात दुर्बीण घालून ते निरोगी असल्याची खात्री केली आणि मग जंतूंचं पाणी पिऊन टाकलं.

त्यांना जे झालं ती अचानकच्या जठरदाहाची लक्षणं. पहिल्या आठवड्यातच जेवणानंतर पोट गच्च वाटायला लागलं. पहाटे उठून उलट्या व्हायला लागल्या. तोंडाला इतका वास यायला लागला की तो घरच्यांनीच लक्षात आणून दिला. आठवडा उलटल्यावर पुन्हा दुर्बीण घातली तर अस्तर सुजलेलं, जंतूंनी भरलेलं. या जंतूचं आजचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्या क्षाराच्या आडोशानं आम्लात तगतो. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. तो बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरांत, पाण्यातून, उष्ट्यातून शिरतो. पहिल्या लागणीच्या वेळी मूल दोन दिवस ओकलं असेल तर ते कुणाला आठवतं? त्यानंतर अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं आणि बहुतेकांना काहीही कळत नाही. थोड्यांना अल्सर होतो, फार थोड्यांना कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक म्हणून नोंदवलं.

जठरदाहाचा एक प्रकार असाही आहे की त्याची लक्षणं पोटात शोधली तर सापडणारच नाहीत. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच जठरातल्या आम्ल करणाऱ्या पेशींवर उलटते. याच पेशी बी-१२ जीवनसत्त्व शोषून घ्यायला लागणारं एक प्रथिनही बनवत असतात. त्या संपल्या की बी-१२ कितीही खाल्लं तरी ते जवळजवळ अंगी लागत नाही. माणूस येतो तो पायाला मुंग्या येतात म्हणून, चालताना तोल जातो म्हणून, जीभ गुळगुळीत लाल होऊन तिखट सोसत नाही म्हणून, विसरायला होतं म्हणून. आपल्याकडे शाकाहारी माणसाचं बी-१२ कमी निघालं की आहाराकडे बोट दाखवून विषय संपतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण दूध-दही भरपूर घेणाऱ्याचं, किंवा मासे-मटण खाणाऱ्याचं बी-१२ तळाला गेलं असेल, सोबत थायरॉइडचा त्रास असेल, तर जठराकडे बघायला हवं.

मग नक्की कळतं कसं? दुर्बिणीतून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. डोळ्यांना अस्तर लालसर दिसलं म्हणून पुष्कळ रिपोर्टांत ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ असं लिहिलेलं असतं आणि लोक तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून वर्षानुवर्षं घेऊन फिरतात. नुसती लाली आणि सूक्ष्मदर्शकातला दाह यांचा मेळ बसतोच असं नाही. लाल दिसलेलं अस्तर तुकड्यात निरोगी निघतं, गुलाबी दिसलेलं सुजलेलं निघतं. तेव्हा तो कागद घेऊन आलेल्याला मी विचारते, तुकडा काढला होता का, आणि त्याचा रिपोर्ट कुठाय. सोबत घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगते, गुडघ्याची, डोक्याची, मेडिकलमधून आणलेली, गावातल्या वैदूनं पुडीत बांधून दिलेली भुकटीसुद्धा. काही भुकट्यांत वेदनाशामक आणि स्टेरॉइड मिसळलेली सापडलेली आहेत.

धोक्याची चिन्हं नसतील, वय कमी असेल, तर लगेच दुर्बीण लागत नाही. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून जंतू आहे की नाही ते कळतं. त्याआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही तपासणी नाही म्हणते. जंतू निघाला तर दोन आठवडे एकदम तीन-चार औषधं घ्यायची, आणि ती मध्येच सोडायची नाहीत. चार-पाच दिवसांत जळजळ गेली म्हणून बरेच जण सोडतात. आपल्याकडे काही प्रतिजैविकांना हा जंतू आधीच दाद देईनासा झालाय, अर्धवट उपचारांनी तो आणखी निर्ढावतो.

उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून घ्यायची असते. तेव्हा समोरचा माणूस बहुधा म्हणतो, “आता काही त्रास नाही हो डॉक्टर, कशाला?” मी त्याला सेंट मार्टिनची गोष्ट सांगते आणि तपासणीची चिठ्ठी लिहून देते.